थोरल्या डोंगराचे नमुने

२२ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही दोघं मजेत असाल असं धरून चालते. मी ठीक आहे. घसा धरलाय, पण ती प्रयोगशाळेतल्या एसीची कृपा. यंत्रांना गारवा लागतो, मग माणसांनी स्वेटर घालून बसायचं, असा इथला न्याय.

तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. वहिनी म्हणाली, मागच्या खोलीत दोर धूत बसलाय. पुढच्या वेळीही दोरच धूत होतास. इतके धुतलेस तर विरतील रे. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं.

तू आणलेल्या लोकरीच्या झुडपांच्या पानांचं काम संपत आलंय. धाकट्या डोंगरावरची, मधल्यावरची, थोरल्यावरची, सगळ्या पाकिटांतून डीएनए छान निघाला. तुझी पाकिटं नेहमीसारखी नेटकी. आतले निळे मणी निळेच, म्हणजे ओल कुठेच शिरली नाही. मॅडम एकेक पाकीट उघडून नव्या मुलामुलींना दाखवत होत्या, की पानं वाळवायची ती अशी. आमच्या मॅडम कुणाचं कौतुक करत नाहीत, तुला ठाऊक आहे. मी आपली अशी मिरवले, जणू डोंगर मीच चढून आले.

इथे सगळ्यांचं लक्ष थोरल्याकडे लागलंय. खाणवाल्यांना त्याचा माथा हवाय. त्यांचं म्हणणं, लोकरी मधल्या डोंगरावरही उगवते, मग थोरल्यावरची गेली तर बिघडलं कुठे? समितीने आम्हाला एवढंच विचारलंय, की थोरल्यावरची लोकरी वेगळी आहे की तीच आहे. वेगळी निघाली तर माथ्याला हात लावता येणार नाही. तीच निघाली तर सुरुंग लागतील. त्या एवढ्याशा लव असलेल्या झुडपाच्या पानांवर अख्खा डोंगर टांगलाय म्हण ना.

बरं, एक बारीकसं विचारायचं होतं. पाकिटांवर डोंगराचं नाव तू कधी लिहिलंस, वरच की खाली आल्यावर? मधल्याची आणि थोरल्याची पाकिटं एका पिशवीत होती का? आणि जीपीएस बंद पडलं म्हणालास, ते चढायच्या आधी की वर पोचल्यावर? थोरल्याच्या कड्याच्या भिंतीतली ती उभी भेग अजून तशीच आहे ना? सहज विचारते. नोंदी पुऱ्या करायच्यात, दुसरं काही नाही.

वहिनी सांगत होती, तू जेवताना बोलत नाहीस. तू जेवताना कधीच बोलत नव्हतास. तरी तिने ते मुद्दाम सांगितलं.

उत्तर लवकर दे. दोन ओळी चालतील.

तुझी,
धाकटी


६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. दोन ओळी चालतील म्हटलं तर तू खरंच दोनच लिहिल्यास. ‘वर गेलो होतो. पाकिटं वरच लिहिली. तुमचं यंत्र बघून घ्या.’

यंत्र बघितलं. एकदा नाही, तीनदा. आधी वाटलं, माझ्याच हातून नळ्यांची अदलाबदल झाली असेल. म्हणून तुझी पाकिटं पुन्हा उघडली, पानांचे नवे तुकडे घेतले आणि कुणाची मदत न घेता सगळं पहिल्यापासून केलं. शेजारच्या प्रयोगशाळेतही थोडे तुकडे पाठवले, त्यांना डोंगरांची नावं न सांगता. चूक माझी निघावी म्हणून मी किती आटापिटा केला, ते तुला सांगूनही खरं वाटणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या चुकीची इतकी आशा धरून बसले होते.

चूक निघाली नाही.

थोरल्याच्या पाकिटांतल्या अर्ध्याहून जास्त पानांची जोडीदार पानं मधल्याच्या पाकिटांत आहेत, प्रत्येक जोडी एकाच झाडाची. एकाच जातीची म्हणत नाही मी. एकाच झाडाची, एकाच फांदीची म्हटलं तरी चालेल. तू म्हणशील, बी उडून गेलं असेल वाऱ्याने. बी म्हणजे लेकरू, दादा. तू आणि मी एकाच आईबापांची, तुझं नाक जसंच्या तसं माझ्या तोंडावर आलंय आणि त्याबद्दल मी देवाला कधी माफ केलेलं नाही. तरी आपल्या दोघांचे नमुने समोर ठेवले तर कुणीही सांगेल की ही दोन माणसं आहेत. इथे तसं नाही. आणि एक झाड दोन डोंगरांवर उभं राहू शकत नाही.

आता तूच सांग, मी काय समजायचं?

मी तुझ्या बाजूने सगळी कारणं शोधली. पाय मुरगळला असेल. वर पोचलास आणि पिशवी दरीत पडली असेल. वहिनीचं काही दुखणं निघालं असेल. पण यातलं काहीही तू मला फोनवर सांगितलं असतंस आणि मी म्हटलं असतं, असू दे, पुढच्या महिन्यात जा. तू सांगितलं नाहीस. तू मधल्यावर परत गेलास, त्याच झाडांची पानं पुन्हा खुडलीस, आणि तुझ्या त्या सुंदर अक्षरात पाकिटांवर ‘थोरला’ लिहिलंस. हे मी लिहितेय आणि लिहितानाही वाटतंय की मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय.

हे आकडे असेच गेले तर समितीला उत्तर मिळेल, की थोरल्यावरची लोकरी म्हणजे मधल्यावरचीच. खाणीला परवानगी. आणि वर खरोखर काय उगवतं, ते कुणी पाहिलेलंसुद्धा नसेल.

मॅडमना अजून बोलले नाही. सोमवारी बोलावं लागेल. त्याआधी मला तुझ्याकडून ऐकायचंय. रागाने लिही, शिव्या घाल, पण यंत्राबद्दल लिहू नकोस.

आणि हेही आत्ताच सांगून ठेवते. मी थोरल्यावर जाणार आहे. समितीच्या सुनावणीच्या आत खरी पानं आणायला दुसरा इलाज नाही. वनरक्षक सोबत येतोय. त्याने ती भिंत जन्मभर खालून पाहिलीय, एवढाच त्याचा अनुभव. माझा त्याहून फार नाही. मी तिथे चढले होते ती तुझ्या दोराला बांधलेली, आणि तेव्हा माझं वजनही निम्मं होतं.

तुझी,
वाट बघणारी धाकटी


१९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा खोकला बसला का? तिला सांग, मी दिलेलं औषध गोड लागतं म्हणून दोन दोन चमचे घ्यायचं नसतं.

थोरल्यावरून आल्यापासून आपण फोनवर नुसतं हवापाण्याचं बोलतोय. तुझ्याकडे ढग आले की नाही, माझ्याकडे पंखा चालतो की नाही. मला खूप सांगायचंय आणि ते फोनवर जमणार नाही. लांबलचक लिहिणार आहे, सावकाश वाच.

तुझी चिठ्ठी मला निघायच्या आदल्या दिवशी मिळाली. ‘वर गेलो नाही. जमलं नाही.’ बास. त्यानंतर तू स्वतः येशील असं मला वाटलंच नव्हतं. वनरक्षक आणि मी भिंतीखाली पोचलो तर तू दगडावर बसून दोराचा गुंडा सोडत होतास, जणू हे आपलं आधीच ठरलं होतं. वनरक्षकाला कोण आनंद झाला. उस्ताद आले, आता उस्तादच वर जातील, आपण इथे ताणून देऊ, असं काहीतरी तो बडबडला. तू म्हणालास, गुडघा दुखतोय, ही जाईल, दोर मी धरतो. मी तुझ्या गुडघ्याकडे बघून मान डोलावली. बिचाऱ्याने लगेच तुला तेल चोळायचा सल्ला दिला.

मग तो ओढ्यावर पाणी भरायला गेला. तू माझ्या कमरेचा पट्टा ओढून बघत होतास. माझ्याकडे न बघता म्हणालास, “पडलो नाही, घसरलो नाही. काही झालं नाही. हात वर गेला आणि पाय जमिनीवरून सुटेना. दुसऱ्या दिवशी परत आलो. परत तेच.”

मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. मी विचारलं, “पट्टा बरोबर बसलाय ना?”

तू म्हणालास, “बसलाय.”

भिंतीतून पुढे आलेल्या कातळाच्या कठड्यापर्यंत मी तुला दिसत होते. त्याच्या वर काय झालं ते तुला माहीत नाही. खाली आल्यावर मी म्हणाले, सोपं होतं. सोपं नव्हतं, दादा.

कठडा ओलांडला आणि धुकं आलं. येतंय असं दिसलंच नाही, एकदम सगळं पांढरं झालं. भेगेत तुझी जुनी लोखंडी खुंटी होती, मी तिच्यात दोर अडकवला आणि तिच्यावर भार टाकून डावा पाय वर घेतला. खुंटी किडक्या दातासारखी सुटून आली. मी पडले. खालच्या खुंटीने आणि तू मला धरलं. तो झटका तुला बसला असणार. तू हाक मारली नाहीस. मीही मारली नाही.

किती वेळ लोंबकळत होते कुणास ठाऊक. गाल दगडाला टेकलेला, चष्म्यावर पाणी. त्या वेळी मला लोकरी आठवली नाही, खाण आठवली नाही. मला फक्त तुझा राग आला होता. हे तुझं काम होतं आणि तू मला इथे टांगून खाली जमिनीवर उभा होतास. मी तुला शिव्या दिल्या. मोठ्याने दिल्या. ज्या तू मला लहानपणी शिकवल्यास आणि मग आईकडून मला मार खायला लावलास, त्याही दिल्या. धुक्यात खालपर्यंत ऐकू गेल्या की नाही, माहीत नाही. गेल्या असतील तर गेल्या.

मग उजव्या पायाला एक खाच लागली. पाय थरथरत होता, शिवणयंत्रासारखा, थांबायला तयार नाही. तसाच टेकवला आणि उभी राहिले. पुढे खुंट्या सोडून दिल्या, भेगेत मुठी कोंबत चढले. वर पोचल्यावर आधी पालथी पडून रडले.

आणि लोकरी होती. अगदी नाकासमोर. मधल्यावरच्यापेक्षा बुटकी, दगडाला बिलगलेली, पानांवरची लव इतकी दाट की धुक्याचे थेंब वरच्यावर अडून राहिलेले. फुलं जवळजवळ पांढरी, फक्त देठाशी जांभळी. आपण मधल्यावर पाहतो ती गर्द जांभळी नव्हेत. तेव्हाच मला वाटलं, ही वेगळी असणार. आणि झुडपांच्या मधून, दगडांवर, लाल रंगाच्या मोठ्या फुल्या. खाणवाले हेलिकॉप्टरने उतरून माथा आखून गेले होते. एक फुली तर सरळ झाडावरूनच ओढलेली, पानं लाल झालेली. मी एकेका झाडाचं एकेक पान कापलं. पाकिटांवरचं माझं अक्षर बघून मॅडमनी विचारलं, ही कोंबडीने लिहिलीत का.

निकाल आला, दादा. थोरल्यावरची लोकरी वेगळी आहे. धाकट्यावरच्या आणि मधल्यावरच्या एकमेकींच्या सख्ख्या म्हटल्या, तर ही कुठल्या कुठली लांबची. हजारो वर्षं तिचा खालच्यांशी काही संबंधच आलेला नाही. जगात ती त्या एका माथ्यावर आहे आणि बाकी कुठे असल्याचं कुणाला माहीत नाही. मॅडम खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी हे नाचल्यासारखंच.

मला इथेच सही करून पाकीट चिकटवावंसं वाटतंय. मघापासून मी त्यासाठीच लांबवतेय.

पहिली पानं का बाद केली, हे अहवालात सांगावं लागतं. मॅडमना मी सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, ओल लागून खराब झाली असं लिहून टाक, कुणाचं काही जात नाही. मी तसं लिहिलंही. तुझी वाळवलेली पानं, ज्यांच्यात ओलीचा थेंब नव्हता, ती ओलीने खराब झाली असं मी लिहिलं. पण ती पानं अजून आमच्याकडे आहेत आणि खाणवाल्यांच्या वकिलांनी ती तपासायला मागितली आहेत. त्यांच्या माणसाला तेच दिसणार जे मला दिसलं. मग ते म्हणतील, एकदा खोटं बोलले, तर दुसऱ्यांदा खरं कशावरून? आणि थोरला जाईल.

म्हणून ते वाक्य खोडलं. आता तिथे असं आहे की पहिले नमुने थोरल्यावरचे नव्हते, कारण ते गोळा करणारा माथ्यावर गेलाच नव्हता. पुढे तुझं नाव आहे.

अहवाल काल गेला. आधी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास तर माझ्याने तो पाठवला गेला नसता.

सुनावणीला तुला बोलावणं येईल. आलास तर मी तिथे असेन. नाही आलास तर तुझ्या वाटचं मी सांगेन. वहिनीला मात्र तू सांग, दुसऱ्या कुणाकडून तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

काय म्हणून सही करू? तुला जे म्हणावंसं वाटेल ते,
धाकटी


११ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार पुढच्या वेळी सविस्तर. तू सुनावणीतून उठून गेलास त्यानंतरचं तुला कळायला हवं म्हणून आज घाईने लिहितेय.

तू आलास तेव्हा मी तुला ओळखलंच नाही. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. सगळ्यात मागच्या बाकावर वनरक्षकाशेजारी बसलास, दोन्ही हात मांडीवर, मुठी मिटलेल्या. मी तीनदा वळून पाहिलं, तू एकदाही मान वर केली नाहीस. तुझं नाव पुकारलं तेव्हा माइक कर्कश वाजला आणि समितीच्या अध्यक्षबाईंनी कानावर हात ठेवला. तेवढ्या वेळात तू पुढे येऊन उभा राहिलास.

खाणवाल्यांच्या वकिलांनी किती मऊ आवाजात विचारलं, नाही? “आपण वर का गेला नाहीत?”

तू म्हणालास, “भीती वाटली.”

“जन्मभर डोंगर चढलात ना आपण?”

“हो.”

“मग एकाएकी भीती?”

“हो. एकाएकी.” आणि मग तू स्वतःहून म्हणालास, “पानं मधल्या डोंगरावरची होती. बहिणीला माहीत नव्हतं. तिने शोधून काढलं.”

मागे कुणीतरी हसलं. तू कागदावर सही केलीस आणि दाराबाहेर गेलास. मला उठता येत नव्हतं, पुढचं नाव माझं होतं.

त्यांनी मला जवळजवळ फाडून खाल्लं. ज्या माणसाने आधी फसवलं, तोच दुसऱ्या वेळी दोर धरून खाली होता, हे खरं का? खरं. तो तुमचा सख्खा भाऊ, हे खरं का? खरं. मग तुम्ही तरी वर गेलात कशावरून? धुकं होतं, कुणी पाहिलं नाही, भावाने एकदा केलं ते आता बहिणीने केलं नसेल कशावरून? माझ्याकडे माथ्यावरचे फोटो होते, जीपीएस होतं. ते म्हणाले, हे सगळं बनवता येतं. मॅडम समोर बसून पेनाचं टोपण उघडत होत्या, लावत होत्या. मला वाटलं, संपलं.

तेव्हा वनरक्षक उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, बसा. तो बसला नाही. तो म्हणाला, ताई वर गेल्या होत्या आणि वर पडल्याही होत्या. दोराला झटका बसला तेव्हा उस्ताद फरफटत भिंतीवर आदळले, ओला दोर हातातून सरकला आणि दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघाली. दोर सुटला नाही. मी धरायला धावलो तर म्हणाले, लांब राहा. नंतर माझ्या पाण्याने हात धुतले, माझ्या मफलरचे तुकडे बांधले आणि ताई उतरताना दिसल्या तसे हात खिशात घातले. मला म्हणाले, हिला सांगायचं नाही. तुम्हाला पटत नसेल तर बाहेर जाऊन त्यांचे हात बघा, अजून भरलेले नाहीत.

कुणी बाहेर गेलं नाही. अध्यक्षबाईंनी वकिलांकडे पाहिलं, त्यांनी कागद चाळले.

दुपारनंतर निर्णय झाला. दोन्ही बाजूंशी संबंध नसलेलं एक पथक थोरल्यावर जाऊन पुन्हा पानं आणेल आणि दुसरीकडे तपासेल. तोवर माथ्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, सुरुंग तर दूरच. पूर्ण जिंकलो नाही, पण माथा आज जागेवर आहे. त्या पथकाला माझ्यासारखंच दिसणार, याबद्दल मला शंका नाही.

आता वाईट तेही सांगते. मॅडमनी तुझं नाव कामाच्या यादीतून काढलंय. मी भांडले नाही, कारण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. दुसऱ्या प्रयोगशाळांनाही कळेलच. तुझं हे काम माझ्या एका वाक्याने गेलं आणि ते वाक्य मला पुन्हा लिहायला सांगितलं, तर मी पुन्हा तेच लिहीन. हे तुझ्यापासून लपवून मला तुझ्याशी बोलता येणार नाही.

वहिनीला फोन केला होता. ती म्हणाली, तू घरी पोचलास, जेवलास आणि मागच्या खोलीत गेलास. तिला तू सगळं आधीच सांगितलं होतंस, तेही तिने सांगितलं. हातांबद्दल विचारलं तर म्हणाली, तुला आत्ता कळलं होय? मी रोज मलम लावतेय.

रविवारी मी येतेय. दार वहिनीने उघडलं तरी चालेल. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पाठ करून बस. पण घरात अस. मला तुझे हात बघायचेत.

तुझं नाव लिहिणारी, आणि तुझीच,
धाकटी